काचेखालची माझी सही

"ताई, मी आता आठवड्यातून एकदाच डायलिसिस करून राहिलो," गजभिये भाऊ म्हणाले. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा करायला सांगितलं होतं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

"काहून?"

"पॉलिसी गेली ना. आता नवीन प्रपोजल भरा म्हणतात. डायलिसिसवाल्याले नवीन पॉलिसी कोन देते?"

कोणीच नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकते. विमा कंपनीत पस्तीस वर्षं मी अशांना 'नाही' म्हणायचाच पगार घेतला.

गजभिये माझे शेजारी. मौद्याला पावर प्लांटवर एका कंत्राटदाराचं स्टोअर सांभाळलेला माणूस. त्यांनी कागद पसरले. पॉलिसी संपल्यावर तीस दिवस सवलतीचे मिळतात, त्याला ग्रेस पीरियड म्हणतात. तेवढ्यात रिन्यू केलं की जुनीच पॉलिसी पुढे चालते, जुन्या आजारांसकट. भाऊ विसाव्या दिवशीच चेक घेऊन गेले होते. काउंटरवर अर्ज ठेवून घेतला, चेक परत केला. आधी मेडिकल आणा म्हणे. रिपोर्ट येईस्तोवर तीस दिवस उलटले. ऑफिसच्या भाषेत 'ब्रेक' झाला.

"विसाव्या दिवशी गेलात याचा पुरावा?"

"झेरॉक्सवर आवकचा शिक्का हाय. स्टोअरवाला हावो ताई, शिक्क्याशिवाय कागद सोडत नाही मी."

दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोने सीताबर्डीला, माझ्याच जुन्या ऑफिसात. खुर्चीवर निलेश. त्याला काम मीच शिकवलेलं.

"मॅडम, साठीच्या पुढे आधी मेडिकल. रूल आहे."

"रिन्यूअलला? कोणी सांगितलं?"

त्याने टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं. काचेखाली पिवळी पडलेली चिठ्ठी. 'वय साठच्या वर: आधी मेडिकल, मग बाकी बोलणं.' खाली माझी ऐटबाज सही. तेव्हा मी चाळिशीची होते. साठीचा माणूस मला आजाराचं पार्सल वाटायचा. आज मी बहात्तरची, पर्समध्ये शुगरच्या गोळ्या.

"ही बाई अर्धवट होती रे," मी म्हटलं. "हे तिनं नवीन पॉलिसीसाठी लिहिलं आणि 'नवीन' हाच शब्द लिहायचा विसरली. विम्याची रक्कम वाढवायची नसेल तर रिन्यूअलला मेडिकल कशाला? मॅन्युअल उघड."

निलेशने कॉम्प्युटरवर बराच वेळ वाचलं. कान लाल झाले.

"मॅडम, मग आतापर्यंत परत पाठवलेले बाकीचे?"

"त्यांची यादी काढ. पण आधी यांचं."

शिक्क्याची तारीख बघून त्याने वरच्या ऑफिसला मेल टाकला. चौथ्या दिवशी रिन्यूअल आलं, ब्रेकशिवाय. प्रीमियम न भरलेल्या मधल्या दिवसांचा खर्च मात्र भाऊंच्याच अंगावर पडला. आता डायलिसिस पुन्हा दोनदा, आणि पाय चपलेत.

चिठ्ठी मी काढून घेतली. निलेशने नवीन लिहिली आणि सहीसाठी माझ्यापुढे धरली.

"तुझी कर," म्हटलं. "तुलाही म्हातारं व्हायचं आहे."