उठ-बघू डॉक्टर

लेकराला तपासताना ते आधी त्याचा चेहरा बघत नसत. खुर्ची बाजूला सारून सरळ फरशीवर मांडी घालत, लेकराला शेजारी बसवत, शाळेचं, शेळीचं असं काहीबाही विचारत आणि मग हळूच म्हणत, "उठ बघू." लेकरू कसं उठतं तेवढं ते बघत. बाकीची तपासणी नंतर. बिलोलीपासून निलंग्यापर्यंत त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणायचे, उठ-बघू डॉक्टर.

माझा धाकटा भाऊ सिदू नांदेडच्या दवाखान्यात त्यांच्यासमोर उठला तेव्हा मी तिथंच होते. आधी तो ओणवा झाला, मग हात गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढावं तसा वर आला. घरी आम्ही हे रोज बघत होतो. दादा, म्हणजे आमचे वडील, त्याची नक्कल करून आम्हाला हसवायचे. सिदूच्या पोटऱ्या वयाच्या मानानं चांगल्या भरलेल्या, टणक. दादांना त्यांचा फार अभिमान. पोरगं पैलवान होणार म्हणून त्यांनी त्याला तालमीत घातलं होतं. तो बैठका मारता मारता पडायचा आणि आळशीपणाबद्दल बोलणी खायचा.

डॉक्टरांनी त्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. "दादा, ही ताकद न्हाई. स्नायू मरून त्याच्या जागी चरबी भरून राहिली. बैठका आजपासून बंद."

मग काय करू, असं दादांनी विचारलं.

"पोहू द्या. पाण्यात त्याला सोपं जाईल."

त्या वर्षी आमच्या गावच्या विहिरीत कळशीसुद्धा बुडत नव्हती. परतताना एसटीत दादांनी सिदूचे पाय मांडीवर घेतले, ते बिलोली येईपर्यंत खाली ठेवले नाहीत.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जो तो काहीतरी मिळेल म्हणून वाट बघत होता, कुणी कचेरीची, कुणी नोकरीची. नव्या जिल्ह्यात आपल्याला प्रयोगशाळा मिळेल असं डॉक्टरांना वाटलं आणि ते नांदेड सोडून तिकडं गेले. मिळाली पत्र्याची एक खोली. तिच्यात एक सूक्ष्मदर्शक, एक जुना फ्रीज आणि उंदरांचे पिंजरे. उंदराच्या पायाचा स्नायू ते मुद्दाम दुखावत आणि तो पुन्हा कसा वाढतो ते बघत बसत. स्नायूच्या कडेला एक पेशी झोपलेली असते, इजा झाली की ती जागी होते आणि मोडलेलं भरून काढते, असं ते सांगत. उंदराचं भरून येतं. लेकराचंही आधी भरून येतं, पण दुखावणं थांबतच नाही, आणि मग कधीतरी ती पेशी जागी व्हायची थांबते. ती का थकते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यावर त्यांनी आयुष्य घातलं.

दुष्काळात टँकर यायचा तेव्हा ते बादली घेऊन रांगेत उभे राहत. मागची बाई एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, माणसाला पाणी न्हाई अन् हे उंदराला पाजून राहिलेत. डॉक्टर वळून म्हणाले, "ताई, माझ्याच वाटणीचं पाजतो. म्हणून तर आंघोळ न्हाई. वास येत नसंल का तुम्हाला?" रांग हसली. पण त्यानंतर त्या खोलीकडं कुणी फिरकेनासं झालं.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्यांचं काम समजेल असं माणूस आसपास कुणी नव्हतं, म्हणून ते आम्हाला सांगत. आम्ही तपासणीला जायचो आणि ते चहा करून बोलत सुटायचे. पुढं त्यांचा लेख परदेशातल्या मासिकात छापून आला. त्यात सिदूच्या मांडीतून तपासणीसाठी काढलेल्या स्नायूच्या तुकड्याचं चित्र होतं, गुलाबी-जांभळं. सिदूनं ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "माझं नाव कुठंय?" नाव टाकायचं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. "मग लोकांला कसं कळंल, माझा पाय हाय म्हणून?" डॉक्टरांनी कप उचलले आणि ते विसळायला बाहेर गेले.

हा आजार आईकडून मुलाला येतो. आईला बहुधा काहीच होत नाही, ती धडधाकट असते. हे कळल्यापासून आमच्या आत्यानं आईला जगू दिलं नाही. रगतातच खोट हाय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. डॉक्टर एकदा घरी आले असताना तिनं त्यांनाही ऐकवलं. ते ओट्यावर बसून भाकरी खात होते. घास हातात धरून म्हणाले, "आक्का, आईकडून आलंय, आईमुळं न्हाई." अशा प्रत्येक घरात ते हेच वाक्य म्हणत, हे मला नंतर कळलं. आईनं त्या दिवशी त्यांना जास्तीची भाकरी वाढली.

त्याच भेटीत त्यांनी माझं रक्त मागितलं. माझं लग्न धर्माबादला ठरत होतं. आईसारखंच माझ्याही रक्तात असू शकतं, निम्मी शक्यता आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. तपासणीत कळेलच असं नाही, हेही सांगितलं. दादांनी माझ्याकडं पाहिलं, आईनं पाहिलं. मला कुणी अडवलं नव्हतं. हे मी इतकी वर्षं फिरवून सांगत आले, घरच्यांनी नको म्हटलं, काळच तसा होता. तसं नव्हतं. मी नको म्हणाले. मला ते घर हवं होतं, तो माणूस हवा होता, आणि कळून घ्यायचं नव्हतं.

डॉक्टरांनी सुई परत डबीत ठेवली. "बरं. आज गरज माझी हाय. तुझी असंल तेव्हा ये."

लग्नाचं बोलावणं त्यांना दादांनी दिलं. आजार कुठून येतो ते सासरी कळेल, म्हणून ते येऊ नयेत असं मला वाटत होतं. ते आले. बुद्धवंदना झाली, पंगत बसली, आणि मी मान खाली घालून एकच गोष्ट बघत होते, ते कुठल्या लेकराशेजारी जाऊन बसतात. माझ्या सासऱ्यांनी त्यांना विचारलं, "तुम्ही कशाचे डॉक्टर?"

"उंदराचे," ते म्हणाले आणि जिलेबी मागून घेतली.

सासरी वर्षानुवर्षं त्यावर हसत. माहेरचा उंदरांचा डॉक्टर. मीही हसायचे.

सिदू मिसरूड फुटायच्या वयात गेला. छातीचे स्नायूसुद्धा शेवटी थकले. डॉक्टर आले, दादांशेजारी भिंतीला टेकून बसले, आणि त्या दिवशी पेशींबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

माझा मुलगा चालायला लागल्यावर वारंवार पडायचा. सासूबाई म्हणायच्या, पोटऱ्या बघा कशा दांडग्या. एक दिवस माहेरी जाते असं सांगून मी त्याला घेऊन लातूरला गेले. खोली तीच होती. पत्रा गंजला होता. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते, आणि फरशीवर बसायला त्यांना भिंतीचा आधार लागला. मुलगा शेजारी बसला.

"उठ बघू."

त्याचा हात गुडघ्यावर गेला. डॉक्टरांच्या आधी मला कळलं.

मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी रक्त दिलं नव्हतं."

ते मुलाच्या शर्टाचं बटण लावत राहिले. मला वाटलं, आता ते तेच वाक्य म्हणतील, आईकडून, आईमुळं नाही. ते म्हणाले नाहीत. त्यांना खोटं बोलता येत नसे. "कळलंच असतं असं न्हाई," ते म्हणाले. "अन् कळलं असतं, तर हे पोरगं आज इथं बसलं नसतं. आता मला विचारशील, कोणतं बरं, तर मला सांगता येत न्हाई." मग मुलाला म्हणाले, "चल, उंदीर दाखवतो."

तो मुलगा मला चांगला सतरा-अठरा वर्षं मिळाला. डॉक्टर त्याच्या आधी गेले. खोलीतले पिंजरे कुणीतरी भंगारात घातले. ती पेशी का थकते हे त्यांना काही प्रमाणात उमगलं होतं, असं एक तरुण डॉक्टर मला म्हणाला. पुढं जगात इतरांनी ते काम नेलं. हे ऐकायला ते हवे होते. मला त्यातलं निम्मं कळलं असतं, पण मी चहा होईपर्यंत ऐकलं असतं.

मला एक मुलगी आहे. आता तिचं लग्न ठरतंय. तिच्या भावाला काय झालं हे तिनं पाहिलंय, पण ते कुठून आलं आणि तिच्यात असू शकतं, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं की मी विषय बदलायची. परवा तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. डबीत परत गेलेली सुईसुद्धा. आता रक्त हैदराबादला जातं आणि बहुतेक कळतं, हेही सांगितलं. निर्णय तुझा, असं म्हणाले. यापेक्षा जास्त काही म्हणायचा मला हक्क नव्हता.

मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलायची नाही. मग ती उभी राहिली, तिनं दारामागची ओढणी घेतली.

"ऊठ आई," ती म्हणाली. "तू पण चल. तुझंही रक्त कधी दिलं नाहीस ना."

मी गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठले.