सारख्या लांबीच्या दोन क्लिप

एका मंगळवारी दुपारी पिपलानीतल्या फोटो स्टुडिओत रांगेत माझ्यापुढे कारखान्यातले एक निवृत्त तपासनीस उभे होते. वारलेल्या पत्नीच्या दोन क्लिप त्यांना मुलीला पाठवायच्या होत्या. दोन्ही एकेक मिनिटाच्या. एकाच सेटिंगवर फाइलचा आकार कमी केल्यावर पहिली वीस एमबीची झाली, दुसरी चारची.

"असा माल मी परत पाठवायचो," ते स्टुडिओवाल्याला म्हणाले. "हिच्यातलं काय कापलंस?"

"काही नाही, काका. पहिलीत काकू पोळ्या लाटतायत, दुसरीत नुसत्या पडून आहेत. हालचाल नसली की फाइल छोटी होते."

"एकदा माझ्याकडे बघून पापणी हलवली होती तिने. ती शिल्लक आहे का?"

स्टुडिओवाल्याने छोटी क्लिप लावली. काकांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. चाळिसाव्या सेकंदाला पापणी हलली.