कान तुटलेला कप

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी बयाबाई एकवीस वर्षं धुणीभांडी करतात, पण खरं सांगायचं तर निम्मा वेळ त्या तिथं नसतातच. हात कढईवर फिरत असतो आणि मन कुठं पोचलेलं असतं, देव जाणे. "वैनी, काल सपनात रंकाळ्यावरनं चालत गेलते की. पाण्यावरनं. पाय बी भिजलं न्हाईत," असं त्या इतक्या शांतपणे सांगतात की ऐकताना मलाही तरंगल्यासारखं होतं. पण मी तोंडाची फटकळ. "सपनं मागनं, आधी कढई," म्हणते. त्या हसतात आणि पुन्हा कुठंतरी निघून जातात.

आमची अवनी त्यांच्याच मांडीवर वाढली, त्यांना मावशी म्हणत. यंदा ती नववीत. मराठीच्या मॅडमनी वर्गाला भेदभावावर नाटक बसवायला सांगितलं, आणि अवनीनं कामवालीची भूमिका मागून घेतली. बयाबाईंचं जुनं लुगडं नेसून घरभर फिरायची. प्रयोगाचं पहिलं आमंत्रणही तिनं मावशीलाच दिलं. मला केवढं कौतुक वाटलं. कसलं डोंबलाचं कौतुक.

दुपारचा प्रयोग. वर्गाच्या खिडक्यांना पोरींनी साड्या लावलेल्या, त्यातून जांभळा, पिवळा उजेड आत येत होता. शेजारी बयाबाई ठेवणीतलं पातळ नेसून बसल्या होत्या. मलाही गुंगी आली. एवढ्यात अवनी हातात कप घेऊन पुढं आली आणि माझी गुंगी खाडकन उतरली. हिरव्या फुलांचा, कान तुटलेला तो कप आमचाच होता. मागच्या दाराशी, खिडकीत वेगळा ठेवलेला, बयाबाईंचा. सासूबाईंनी ठेवला, त्या गेल्या, मी तसाच चालू ठेवला. कधी लक्षातच आलं नाही असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं आहे.

नाटकातली मालकीण म्हणाली, "तुझा कप बाहेर ठेव." मी बयाबाईंकडं बघायचं टाळलं. घरी येताना त्या माझ्या दोन पावलं पुढंच चालत राहिल्या. उद्या आल्याच नाहीत तर? भांडी मी घासीन हो, त्याचं काय. पण मावशी का येत नाही, हे अवनी मला विचारणार होती. त्या विचारानं संध्याकाळभर जीव टांगणीला लागला.

सकाळी नेहमीच्या वेळेला दार वाजलं. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना ओढूनच स्वयंपाकघरात आणलं, खुर्चीवर बसवलं, पाहुण्यांच्या कपबश्यांतला कप हातात दिला. त्या जरा वेळ त्याच्यावरची सोनेरी रेघ बघत राहिल्या. मग अवनीला म्हणाल्या, "पोरी, काम झ्याक केलंस. पण कप असा छातीजवळ न्हाय धरायचा. हात लांब करायचा."

"का गं मावशी?"

"भांडं कपाला टेकू द्यायचं नसतंय न्हवं. मग च्या वरनं पडतोय, अंगावर उडतोय. भाजतंय." आणि त्यांनी हात लांब करून दाखवला. आवाजात राग नव्हता. स्वप्न सांगताना असतो तोच आवाज.

मी चहा ओतायला लागले होते. अवनीनं माझ्या हाताकडं बघितलं, म्हणून मीही बघितलं. कप बदलला होता, आणि पातेलं अजून वीतभर वरच होतं.