शेवट फोनवर नाही

त्या शनिवारी उज्जैनात पुण्याच्या मंडळींचं नाटक झालं, आणि रविवारी सकाळी मी आत्याशी भांडत होते. या नाटकासाठी मी दोन महिने पत्रकं वाटली होती. नानाखेड्याच्या कॉलन्यांत एक मराठी दार सोडलं नव्हतं. आणि आत्यानं पहिल्या रांगेत बसून नाटक फोनवरून लाइव्ह दाखवलं, देवासच्या नणंदेला. नणंदेनं ते तिकडच्या समाजाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून कुणीतरी उतरवून इंटरनेटवर चढवलं.

देवासचा प्रयोग त्याच संध्याकाळी होता. नाटकाचे व्यवस्थापक आमच्याकडे पोहे खायला आले होते आणि त्यांचा फोन थांबत नव्हता. तिकिटं परत घ्या, आमचं बघून झालं.

"देवास रिकामं गेलं तर पुढच्या वर्षी माळव्याचा दौरा बंद," ते म्हणाले. "ट्रकचं डिझेलसुद्धा निघणार नाही. चौदा माणसं आहोत आम्ही, ताई."

मी पेटले. "चोरी केलीस तू, आत्या."

"घ्या, थानेदारीण आली. नणंदेला सभागृहाचा जिना चढवत नाही म्हणून दाखवलं. इसमें चोरी कहाँ से आ गई? मी तिकीट काढलं होतं."

"एक तिकीट. आणि बघितलं अख्ख्या देवासनं."

"चांगलं असलं तर लोक बघणारच ना."

"मग या चौदा जणांनी खायचं काय, तुझे लाइक?"

व्यवस्थापक मान खाली घालून पोह्यांवर शेव टाकत राहिले.

मी तिथंच पत्रक लिहायला बसले. फुकट बघणारे चोर, कलाकारांच्या पोटावर पाय देणारे, असं बरंच. आत्यानं खांद्यावरून वाचलं. "हे वाचून येणारा पण नाही येणार," ती म्हणाली. "पण शेवट कुठे दाखवला मी?"

खरंच की. नायिका दार उघडते, पलीकडे कोण उभं आहे ते दिसणार, तेवढ्यात आत्याच्या जावयाचा फोन आला होता आणि लाइव्ह बंद पडलं होतं.

मी पत्रक फाडलं. नव्यावर एकच ओळ: शेवट फोनवर नाही. झेरॉक्सवाल्याला घरून उठवून आणलं आणि दुपारच्या बसनं देवास गाठलं. वाटेत आत्या शेजारच्या सीटवरून नणंदेला फोनवर ओरडून सांगत होती, "दाराआड कोण ते नाही सांगणार. तिकीट काढ. जिन्याचं काय, खुर्चीत बसवून वर नेऊ तुला."

नेलं. त्याआधी पत्रकं घरोघर वाटली. तिसरी घंटा झाली तेव्हा मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या, बाकी सभागृह भरलं होतं. पहिल्या घंटेपासून आत्या दारात माझी पिशवी घेऊन उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाचा फोन बंद करवून पिशवीत टाकत होती, सगळ्यात आधी स्वतःचा.

शेवटी दार उघडलं. नणंदबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अग बाई, हा?" सगळं सभागृह हसलं, आणि विंगेत व्यवस्थापकही. निघताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "पुढच्या वर्षीची पत्रकं छापायला हरकत नाही."

मी आनंदानं आत्याला मिठी मारली. पण राग गेलेला नाही. चौदा माणसांचं पोट जावयाच्या एका फोनमुळे वाचलं. दर वेळी तो नेमका तेव्हाच फोन करेल असं थोडंच आहे?