तिला मारबत व्हायचं होतं

लेकीचा बंगळुरूहून फोन येतो तो रविवारी, अकरा वाजता. व्हिडिओचा. मी साडेदहापासूनच केस विंचरून, चष्मा पुसून, मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून बसलेली असते. ऑक्टोबरातल्या एका रविवारी पडद्यावर आधी नात उगवली. सहा वर्षांची आहे, एका जागी उभी राहत नाही.

"आजी, आमच्या सोसायटीत हॅलोविन आहे! सगळे भूत बनणार. मी कुरिअरवाली बनणार."

"काय बनणार?"

"कुरिअरवाली. ब्ल्यू शर्ट, कॅप आणि एवढी मोठ्ठी बॅग."

आता तुम्हीच सांगा, हे काय सोंग झालं? सोंग घ्यावं तर पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. मी तिथंच सुरू झाले. "ते कुरिअरवाली-फिरिअरवाली काही नको. परी कर तिले. पांढरा नेटचा फ्रॉक मी शिवते, पंख लावते, चार दिवसांत पाठवते."

लेक मागे टेबलाशी बसली होती. लॅपटॉपवरची मान न उचलता म्हणाली, "आई, तिचं ती ठरवेल."

झालं! विषय संपला. पुढची पाच मिनिटं बीपीची गोळी घेतली का आणि गॅस आला का यात गेली. फोन बंद झाल्यावर मी उगाच मशीनचं झाकण काढलं, तेल घातलं, पुन्हा झाकलं. खरं सांगायचं तर मला त्या फ्रॉकची हौस नव्हती. त्या घरातल्या एखाद्या गोष्टीला माझा हात लागावा, एवढंच पाहिजे होतं. बाकी तिथं माझं आहे काय? आणि इथं तर फोन बंद झाला की बोलायला भिंती. एकटीसाठी कुकर लावायचासुद्धा कंटाळा येतो, म्हणून शिटीचाही आवाज नाही.

आणि सोंगांचं मला कोणी शिकवू नये. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लेकरांचा. लाकडी बैलाला दोरी बांधायची, अंगावर सोंग चढवायचं आणि घरोघरी फिरायचं. लोक बैलाला ओवाळतात आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे चॉकलेट, बिस्किटाचा पुडा, जे असेल ते. संध्याकाळी मोहल्ल्यात स्पर्धा, बक्षिसं. हॅलोविनचं कौतुक मला काय सांगता!

लेक दीड वर्षाची होती तेव्हा तिचा पहिला तान्हा पोळा. मला तिची कोळीण करायची होती. आमचे हे काटोलकडचे, शेतकऱ्याच्या घरचे, ते म्हणाले, "आपल्याकडं समुद्र कुठं हाय वं? शेतकरी कर." मग धोतर, मुंडासं आणि काजळाच्या मिशा. बाईसाहेबांनी अर्ध्या तासात मिशा चाटून टाकल्या. तीन वर्षांची झाली तेव्हा संत्रेवाली केली. त्या महिन्यात संत्री कुठून आणायची, म्हणून मोसंब्यांना मी रंग दिला आणि दिवसभर तिच्या मागे "खाऊ नको, खाऊ नको" करत फिरले.

तोवर सगळं आमच्या हातात होतं. सहाव्या वर्षी तिला तोंड फुटलं. "मले पोलीस व्हायचं हाय." मी म्हटलं, टोपी कुठून आणू, नर्स हो, पांढरा फ्रॉक घरातच आहे. हे म्हणाले, "होऊ दे नं वं. तुह्यं काय जाते?" आणि स्वतः पुठ्ठा कापून टोपी करत बसले. मग ओळीनं दोन वर्षं घरात पोलीस. बापलेक एकीकडे आणि मी एकीकडे. लेकरू वाढतं तसं आपलं चालेनासं होतं, हे मला दिसत होतं. पटत मात्र नव्हतं.

ती आठ वर्षांची असताना ह्यांना कावीळ झाली. उतरेना. मग कळलं लिव्हरचं आहे, आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं. मी सकाळी डबा घेऊन जायची, दुपारी येऊन लोकांचे ब्लाउज शिवायची, संध्याकाळी पुन्हा जायची. लेक शेजारच्या काकूंकडे. तिला मी एकदाच नेलं. दारातूनच तिनं बापाकडे पाहिलं, आत काही आली नाही.

तान्ह्या पोळ्याला चार दिवस होते. मी मशीनवर होते. ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मले पिवळी मारबत व्हायचं हाय."

नागपूरच्या माणसाला मारबत सांगावी लागत नाही, पण दुसऱ्यांसाठी सांगते. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बांबू-कागदाची भलीमोठी बाई मिरवणुकीनं काढतात. एक पिवळी, एक काळी. हजारो लोक रस्त्यावर उतरून ओरडतात, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" रोगराई, संकटं, सगळं तिच्या अंगावर घालून तिला गावाबाहेर नेतात आणि जाळून टाकतात. दरवर्षी बापाच्या खांद्यावर बसून लेक हे बघत आली होती.

नवरा दवाखान्यात, आणि पोटची पोर म्हणते मला मारबत कर. माझं डोकंच फिरलं. मी उठून तिच्या पाठीत धपाटा घातला. "अवदसा आठवली का वं तुले? जिले जाळतात ते व्हायचं हाय? घरात काय चालू हाय, दिसून नाही राहिलं का?" ती रडली नाही. तिच्या उशीखाली माझी हळदी रंगाची साडी घडी करून ठेवलेली सापडली. ती ओढून घेतली आणि पेटीत घालून कुलूप लावलं.

तिला परी केलं. पांढरं नेट, तारेचे पंख, टिकल्या लावलेला मुकुट. बैलाची दोरी धरून ती परी सबंध मोहल्ला फिरली, पण कोणाकडं हसली नाही. तरी दुसरं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. त्या डब्यात ती कधी जेवली नाही. मी म्हटलं, काय हट्टी कार्टी आहे!

दिवाळीच्या आधी हे गेले.

पुढच्या वर्षी लाकडी बैल माळ्यावरून काढलाच नाही. तिनं मागितला नाही, मी विचारलं नाही. मी मशीन चालवत राहिले, ती शिकत राहिली. तिनं काय घालावं यावर मी बोलायची, ती ऐकायची आणि आपलंच करायची. मग नोकरी, बंगळुरू, लग्न. आता बोलताना 'काहून' म्हणत नाही, 'का' म्हणते. तेवढ्यानंसुद्धा मला परकं वाटतं, काय करू?

तर पुढचा रविवार आला. परीचं घोडं दामटायचं मी सोडलं नव्हतं. म्हटलं, जरा गंमत सांगून पोरीला वळवावं. नातीला म्हटलं, "अगं, तुह्या आईनं तर कहरच केला होता. तिले मारबत व्हायचं होतं! मग मी तिले अशी परी केली, अशी परी केली की बक्षीस मिळालं." आणि मी हसले. एकटीच हसले.

मागची लॅपटॉपची टकटक थांबली. लेक उठून मोबाईलजवळ आली. "आई, मी मारबत का म्हणत होते, माहितीये तुला?"

"काय माहीत बाई. लेकराचं खूळ."

"बाबांचे डोळे पिवळे झाले होते. दारातून दिसले मला. मारबतही पिवळी. सगळे तिला म्हणतात घेऊन जा, घेऊन जा, आणि ती घेऊन जाते. मला वाटलं मी मारबत होऊन दवाखान्यावरून गेले, तर बाबांचं घेऊन जाईन."

माझ्या तोंडातून इतकंच निघालं, "मंग बोलली काहून नाही वं?"

"तू विचारलं का?" ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "खूप वर्षं वाटायचं, मला जाऊ दिलं असतं तर बाबा राहिले असते. आता नाही वाटत. मोठी झाले ना." मग कोणाचा तरी फोन वाजला आणि ती आत गेली.

आठ वर्षांची पोर बापाचं मरण स्वतःवर घ्यायला निघाली होती, आणि मी तिला टिकल्यांचा मुकुट घातला. नंतर सगळी वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, एका चटईवर झोपलो, आणि हे तिच्या पोटात होतं. मला मेलीला एक शब्द विचारता आला नाही.

पडद्यावर नात तशीच उभी होती, बोटानं कॅमेरा झाकत, उघडत. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "बाळा, तुले कुरिअरवाली काहून व्हायचं हाय?"

"क्यूंकी बेल वाजली ना," ती म्हणाली, "की मम्मी मीटिंगमध्ये असली तरी उठते. पळत जाते. कुरिअरवाला आला की उठतेच."

"अन् तू हाक मारली तर?"

"तेव्हा असं करते." तिनं पंजा दाखवला. थांब.

संध्याकाळी मी लेकीला पुन्हा फोन लावला. रविवारी दोनदा फोन आमच्यात होत नाही, ती घाबरलीच. आता खोटं कशाला बोलू, 'तू विचारलं का तिले?' हे माझ्या जिभेवर आलं होतं. इतक्या वर्षांनी लेकीवर वरचढ व्हायची संधी मिळाली होती. पण गिळलं. म्हटलं, "शर्टाचं माप पाठव. निळाच शिवते. अन् एक ऐकशील का? ती ते घालून दाराची बेल वाजवेल, तेव्हा काम टाकून तूच दार उघड. पळत जा."

"का?"

"ते तिले विचार."

शर्ट शिवला. दोन खिसे, खांद्यावर पट्टी, उरलेल्या कापडाची टोपी. पेटीतली हळदी साडी काढली, तिच्या काठाचा पिशवीला पट्टा केला. कोणाला काही सांगितलं नाही. पार्सल न्यायला कुरिअरवाला आला तेव्हा मी त्याला चहा घे म्हटलं. तो घाईत होता. आठ दिवसांत माझ्या दाराची बेल तेवढी एकदाच वाजली होती.

हॅलोविनच्या संध्याकाळी, रविवार नसताना, लेकीचा फोन आला. माझे केस विंचरलेले नव्हते. तिनं मोबाईल दाराकडे धरला. बाहेर बेल वाजली. लेक खरंच धावली, पडदा गदगद हलला. दार उघडलं, निळा शर्ट दिसला, आणि नात जोरात ओरडली, "पार्सल! नागपूरहून!"

मग मोबाईल कुठंतरी ठेवला गेला, आडवा, बहुतेक चपलांच्या कपाटावर. मला त्यांच्या घराचं छत दिसत होतं आणि फिरणारा पंखा. खाली दोघी हसत होत्या. थोड्या वेळानं लेकीचा आवाज आला, "हा पट्टा कुठला गं?" आणि मग हसू थांबलं, मग कोणीतरी नाक ओढलं. मी इथं आहे हे त्या दोघी विसरल्या होत्या.

मी हाक मारली नाही. फोनही कट केला नाही. त्यांचा पंखा पाहत बसले.