गुंडीने पच्चक्खाण घेतलं नव्हतं

चाळीसगावच्या बाजारात बटणं, लेस आणि अस्तरं विकणाऱ्या मंजूकाकींची नक्कल करायची तर हनुवटी वर उचलायची आणि डोळे अजिबात मिचकावायचे नाहीत. धुतलेली लेस परत करायला आलेल्या बाईला त्या म्हणतात, "ठेवा ताई, आठवण म्हणून!" बाई लेस पिशवीत घालून निघते. काकींचं माहेर बोदवडचं. माघार हा शब्द तिकडे शिकवत नसावेत.

त्यांची मांजर गुंडी. चालली की पोटाने फरशी पुसली जायची. सासूबाई मोहिनीबाई तिला तूप-पोळी कुस्करून द्यायच्या, सासरे प्रकाशचंद साय, आणि समोरचे डेअरीवाले लोटनभाऊ खवा. जिना चढताना गुंडी धापा टाकायला लागली, तेव्हा काकींनी तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"तूप, साय, खवा बंद," बाई म्हणाल्या. "मांजराचंच खाणं, मोजून, थोडं थोडं. पण उपाशी ठेवू नका हं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही तर यकृत बिघडतं, जिवावर बेततं."

काकींनी खाण्याचं पाकीट आणलं. त्यात काय असतं हे जैन घरात कुणी विचारलं नाही, काकींनीही ते स्वयंपाकघरात न नेता दुकानातच ठेवलं.

लोटनभाऊ कळवळले, "खाऊ दे ना वं माय, मुकं जनावर शे!"

"भाऊ, नातवाने विडी मागितली तर द्याल?"

लोटनभाऊंनी खवा स्वतःच खाल्ला.

मग पर्युषण आलं. मोहिनीबाईंनी अठाई धरली, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुंडीची वाटी उचलून फळीवर ठेवली. सुनेला गोड आवाजात म्हणाल्या, "बिनणी, वजनच उतरवायचंय ना? मग हिचीही अठाई होऊन जाऊ दे. अंग हलकं, वर पुण्य."

"घरात तपस्या, आणि मांजर जेवणार? शोभतं का?" प्रकाशचंदांनी जोड दिली.

बैठकीत तपस्येची साता, म्हणजे खुशाली, विचारायला आलेले पाहुणे बसले होते. काकींनी स्टूल ओढलं, वाटी उतरवली, खाली दुकानात जाऊन भरून आणली आणि थेट सतरंजीच्या मधोमध ठेवली.

"मम्मीजी, उपासाचं पच्चक्खाण, उपासाचा नेम, तुम्ही हात जोडून, स्वतःच्या तोंडाने घेतलंत. गुंडीने घेतलंय? विचारा तिला."

गुंडी कुरुमकुरुम खात होती.

"बिनणी, पाहुणे बसलेत..." मोहिनीबाई पुटपुटल्या.

"बसू देत. मनाने सोडलं तर तप. आपण हिसकावलं तर ती उपासमार. ही मरेल, आणि ते मी होऊ देणार नाही. चातुर्मासाला आलेल्या महाराजसाहेबांना विचारायचंय? चला, मी येते."

प्रकाशचंदांना एकाएकी खोकला आला. पाहुणे पंख्याकडे बघू लागले.

मोहिनीबाईंनी वाटीत वाकून पाहिलं. "एवढंसंच? भूक राहील गं तिची."

"राहू दे थोडी. संध्याकाळी परत मिळेल. तूप मात्र नाही."

कुणाचा पाय वाटीला लागू नये म्हणून मोहिनीबाईंनी आपलं आसन जरा मागे सरकवलं. गुंडी वाटी चाटूनपुसून साफ करेपर्यंत काकी कमरेवर हात ठेवून तिथेच उभ्या होत्या.