माझ्या नावाची गोगलगाय

विजूच्या निधनाच्या बातमीखाली मी 'हार्दिक अभिनंदन' असं लिहिलं.

आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे बारा महिने कुणाचा ना कुणाचा सत्कार. कुणी शाल घेतलेला, कुणी ट्रॉफी धरलेला. त्या सकाळी चहा घेताना विजूचा हसरा फोटो दिसला, खाली लांबलचक मजकूर आणि माझा चष्मा देवघरात. मी मनात म्हटलं, चला, शेवटी तिची आठवण कुणाला तरी झाली! आणि नुसतं अभिनंदन करून थांबलो असतो तर मी कसला. पुढे लिहिलं, 'खरं तर हे फार आधीच व्हायला हवं होतं.' वर एक पुष्पगुच्छ. ग्रुपवर सगळं शांत झालं. मग आमच्या हिनं, म्हणजे सुलभानं, माझ्या हातातून फोन घेतला, मजकूर वाचला आणि खुर्चीत बसली. "अहो... आधी वाचावं तरी," एवढंच म्हणाली. मी लिहिलेलं पुसून टाकलं, पण तोवर सगळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या गडबडीत रडायचं राहूनच गेलं. डोळ्यांत पाणी यायच्या आधी कान लाल झाले.

विजूला हे कळलं असतं तर ती खुर्ची धरून हसली असती. न बघता निष्कर्ष काढणारा माणूस, अशी तिनं कॉलेजातच माझी नोंद करून ठेवली होती. आम्ही ठाण्याला एका वर्गात शिकलो. मी पुढे मानपाड्याच्या एका रंगांच्या कारखान्यात विक्रीला लागलो, ती त्याच कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायला लागली. लग्नानंतर ती आणि मोहन डोंबिवलीत आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायला आले. मोहन बँकेत होता, शांत माणूस. तिनं मात्र आयुष्याचा विषय निवडला तो खाडीकाठच्या गोगलगायींचा. त्याही बागेतल्या ठसठशीत नव्हेत. खाजणातल्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी फिरणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यातली कुठली कोण, कुणाची, कुठल्या कुळातली, हे ठरवणं विजूचं काम. मी एकदा विचारलं, "म्हणजे लग्न जमवणाऱ्या मंडळासारखं?" तर म्हणाली, "तुम्ही मंडळी जे करता ना, त्याच्या नेमकं उलट."

तिचा रोख मला कळला होता. आमच्याकडे सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की टेम्पो रिकामा व्हायच्या आत विचारणा सुरू. आडनाव काय, गाव कुठलं, घाटावरचे की कोकणातले, मासे खाता का आणि खात असलात तर कोकम घालता की चिंच. दोन उत्तरांत माणसाचा कप्पा ठरतो आणि मग तो माणूस जन्मभर त्या कप्प्यात राहतो. विजू म्हणायची, "तुम्ही कप्पा आधी ठरवता आणि मग माणसाकडे बघता. मी आधी बघते. बघते, परत बघते, आणि बहुतेक वेळा कळतं की मला वाटलं होतं ते चूक होतं." वैज्ञानिक नावाची पद्धत तिनं मला रेशनकार्डावर समजावली होती. आडनाव आधी, नाव नंतर. आडनावात सगळं भावकीचं गोत, नावात ती एकटी. आणि ते नाव कुठल्या वर्णनाला दिलेलं नसतं, तर एका नमुन्याला बांधलेलं असतं. एखाद्या संग्रहालयात, बाटलीत ठेवलेल्या त्या एका जिवाला. उद्या वाद झालाच, तर जाऊन त्या बाटलीला विचारायचं. गोगलगायीच्या जिभेवर दातांच्या रांगा असतात आणि ओळख पटवायला त्याही मोजाव्या लागतात, हे तिनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "आमच्या मावशीला आहेत तशा." तेव्हाही ती हसली होती. माझ्या विनोदांना हसणारी ती एकमेव शास्त्रज्ञ.

आता माझ्या अमरत्वाची हकीकत सांगतो. कोलशेतला खाडीला लागून असलेल्या एका कारखान्यात माझी विक्रीनिमित्त ये-जा होती. मागच्या फाटकातून थेट खाजणात उतरता येई. विजूनं विचारलं, "मला नेशील?" मी स्कूटरवरून घेऊन गेलो. ती गमबूट घालून, पाय कुठे टाकायचा ते बघत चाललेली. मी ऑफिसच्या कडक इस्त्रीच्या पँटीत, तिला रस्ता दाखवण्याच्या आविर्भावात पुढे. चौथ्या की पाचव्या पावलाला मी चिखलात बसलो. पडलो नाही, बसलो. पद्धतशीर मांडी घातल्यासारखा. उठायला लागलो तर विजू ओरडली, "हलू नकोस!" मला वाटलं साप. ती चिमटा घेऊन आली आणि माझ्या पँटीवरून एकेक दाणा वेचून बाटलीत टाकायला लागली. शेजारून खेकड्यांची टोपली घेऊन गावातली एक बाई चालली होती. ती थांबली, डोक्यावरची टोपली सावरत नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "बाय, याला पण बाटलीन भरतेस का?" विजू मान वर न करता म्हणाली, "बाटली लहान पडेल हो."

त्या दाण्यांत एक गोगलगाय वेगळी निघाली. कवच पातळ, पोट जरा जास्त फुगीर, वर एक काळसर पट्टा. पुढची काही वर्षं विजूनं तिच्यापायी काढली. कॉलेज संपलं की मायक्रोस्कोप, सुट्टी लागली की दुसऱ्या शहरातली संग्रहालयं. ही आजवर कुणी नोंदलेली नाही, असं तिला पटलं, तज्ज्ञांनाही पटलं, आणि नवी प्रजाती म्हणून विजूचा शोधनिबंध छापून आला. स्वतः शोधलेल्या जिवाला स्वतःचं नाव देत नाहीत, तो शिष्टाचार नाही. मी सुचवलं, मोहनचं दे. ती म्हणाली, "मोहन चिखलात बसला नव्हता." आणि तिनं नाव ठेवलं 'अरविंदी'. मी म्हणजे अरविंद, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. त्या नावापुढे, ज्यानं नाव दिलं त्याचं म्हणून, विजूचं आडनाव. म्हणजे जगाच्या यादीत आम्ही दोघं एका ओळीत. मी गल्लीत पेढे वाटले. गिऱ्हाइकांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, बिल घ्यायला आलेल्या केबलवाल्यालाही सांगितलं. मेव्हणा म्हणाला, "गोगलगाय? निदान एखादा पक्षी तरी बघायचा." यावर सुलभा म्हणाली, "नाही, विजूनं बरोबर ओळखलंय. सावकाश, ओलसर आणि जरा बोट लावलं की आत."

मग आला तो उन्हाळा. आम्ही सगळे निवृत्त झालेलो. विजूनं घराच्या गॅलरीत आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत, खाडीच्या खाऱ्या पाण्यात, खाजणातल्या साध्या, नेहमीच्या जातीच्या गोगलगायी पाळल्या होत्या, शाळेच्या मुलांना दाखवायला. मोहनच्या गावी दोघं जाणार होती. मला किल्ली दिली आणि सांगितलं, "पाणी उडून जातं. रेघेपर्यंत नळाचं थोडं थोडं घालत जा. बाकी काही करू नकोस." बाकी काही करू नकोस, हे वाक्य मला आयुष्यात कधी ऐकू आलेलं नाही. मी गेलो, पाण्याला खाजणाचा वास येत होता. मला त्या जिवांची दया आली. सगळं घाण पाणी ओतून दिलं, डबे स्वच्छ केले आणि नळाचं गोडं पाणी भरलं. वरून माती पण थोडी बदलली, कुंडीतली. विजू परत आल्यावर रागावली, पण थोडीच. मोठ्या गोगलगायी चिवट, त्या जगल्या. तिनं त्यातला एक डबा, आता काय होतं ते बघू म्हणून, तसाच ठेवला.

काही महिन्यांनी तिनं मला बोलावलं. "अरविंद, जरा बघ. ही कोण?" मायक्रोस्कोपखाली एक छोटी, पातळ कवचाची, फुगीर पोटाची. काळसर पट्टा. मी आनंदानं ओरडलो, "ही तर मी! अगं, कोलशेतहून परत आणलीस?"

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या डब्यात जन्मली. साध्या गोगलगायीच्या पोटी."

मला समजायला वेळ लागला. मोहनला नाही लागला, तो उठून आत गेला. खाऱ्या पाण्यात वाढली की कवच जाड, गोडसर पाण्यात वाढली की पातळ आणि फुगीर. कोलशेतच्या त्या फाटकाशी कुठलासा नाला येऊन मिळत असणार. एवढंच वेगळेपण. मी वेगळी प्रजाती नव्हतो. मी पातळ पाण्यात वाढलेला नेहमीचाच.

विजूनं घाई केली नाही. पुढे दोन-तीन पिढ्या तिनं वेगवेगळ्या पाण्यात वाढवून पाहिल्या, दात पुन्हा तपासले. पूर्वी जो फरक वाटला होता तो आता तिला दिसेना. मग एक दिवस म्हणाली की लिहायला बसतेय. स्वतःचीच प्रजाती स्वतःच रद्द करणारा लेख. मी खरोखर गयावया केली. "विजू, राहू दे ना. कुणाला कळणारे? कोण बघतंय तांदळाच्या दाण्याकडे?" मोहनही म्हणाला, "तुझी एवढी एकच आहे गं." ते वाक्य लागलं असावं. सगळ्या नोकरीत, सगळ्या धावपळीत, नाव देण्याचा योग तिला एकदाच आला होता. तिच्या आडनावाची जगाच्या यादीतली ती एकच ओळ. ती बराच वेळ भिंग पुसत बसली. मग म्हणाली, "गोगलगायीला काही फरक पडत नाही रे. ती आपली चिखलात आहे तशीच आहे. मी चुकीचं लिहिलं, ते मीच दुरुस्त नको का करायला? दुसऱ्यानं केलं तर काय, मला बघता येत नव्हतं असं होईल."

"आणि माझं काय?" मी म्हटलं. हे मी खरंच म्हटलं.

"तू राहशील. नाव पुसत नाहीत. साध्या गोगलगायीचं जुनं नाव खरं मानायचं आणि आपलं त्याच्या खाली बारीक अक्षरात जातं. त्या गोतात ते नाव पुन्हा कुणाला देता येत नाही... म्हणजे आहेस, पण चालू नाहीस." आणि मग तिला माझ्या चेहऱ्याकडे बघून हसू फुटलं. लेख छापून आला त्या दिवशी तिनंच पेढे आणले होते. सुलभानं विचारलं, "आता कसले?" तर म्हणाली, "बघायला शिकले त्याचे." मी दोन खाल्ले, पण मनातून तिला माफ केलं नव्हतं. मला वाटायचं, अजून एखादा फरक असेल, तिच्या नजरेतून सुटलेला. वेगळेपणा सिद्ध करावा लागतो, सारखेपणा असतोच, असं ती म्हणायची. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं. वयाच्या या टप्प्यावर आपण इतर कुणासारखेच आहोत हे ऐकायला कुणाला आवडतं?

नंतर तिचं आजारपण. ती फारशी कुणाला भेटली नाही. मी जायचो तेव्हा गॅलरीच्या दाराशी, पांघरूण गुडघ्यांवर घेऊन मायक्रोस्कोपला बसलेली असायची. काय बघतेस विचारलं तर हात हलवायची, म्हणजे बस, गप्प बस. त्या अभिनंदनाच्या सकाळी मी धावत गेलो तेव्हा मोहन दारातच उभा होता. म्हणाला, "काल संध्याकाळपर्यंत बघत होती रे. तुझीच. कोलशेतची जुनी बाटली काढून घेतली होती."

लोक यायला लागले, मी बाजूला झालो. पण ते वाक्य डोक्यात रुतून बसलं. माझीच का? जे मिटवून टाकलं ते परत कशाला उघडायचं? एकच कारण असू शकतं. तिला काहीतरी सापडलं होतं. एखादी रेघ, एखादा दात. विजूचं आडनाव त्या ओळीत परत येऊ शकत होतं, आणि ते सांगायला आता ती नव्हती. सुलभाला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, आजारी माणूस आपलं जुनं काही बघतो. आपण नाही का आल्बम काढत?" मला ते पटलं नाही. तेरावं होईपर्यंत मी कसाबसा धीर धरला, मग आणखी काही दिवस, मोहनची बहीण परत जाईपर्यंत.

परवा गेलो. तिची खोली मोहननं हलवलेली नाही. गॅलरीतले डबे रिकामे करून पालथे घातले होते, खुर्चीवर तिची घरात घालायची शाल होती. मायक्रोस्कोप जागेवर. मी म्हटलं, "मोहन, मला एकदा बघू दे. तिनं शेवटी काय बघितलं ते." त्यानं नुसता दिवा लावून दिला. मी खुर्चीत बसलो, शालीला धक्का न लावता. डोळा टेकवला. आधी नुसता उजेड. मग हळूहळू... बारीक, काळ्या, वाकलेल्या रेषा. एकीशेजारी एक, ओळीनं. दातांची रांगच. असल्या रेषा त्या साध्या गोगलगायीला नव्हत्या, मी इतकी वर्षं पाहिलेलं होतं. मी श्वास रोखून बघत राहिलो आणि त्या रेषा हलल्या.

"मोहन," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. "मोहन, अरे, ही वेगळी आहे! आणि हलतेय... जिवंत आहे रे अजून!"

मोहन माझ्यामागे येऊन उभा राहिला. खांद्यावर हात ठेवला.

"काचेवर काही नाहीये, अरविंद. मी काल धुऊन ठेवली. त्या तुझ्या पापण्या आहेत, गाढवा."